तारसीचा ठोका

आमच्याकडे लढाई आली ती मीठ संपलं त्या दिवशी. त्याआधी ती तिकडे तांब्याच्या खाणीच्या डोंगरात होती, रेडिओवर होती, आणि रेडिओचे सेल संपल्यावर आमच्यापुरती तीही नव्हती. खाणीनं कुणाची जमीन खाल्ली, नदी कशी लाल केली, सरकारनं सैन्य का पाठवलं, हे सगळं तरणी पोरं ढोलघरात बसून बोलायची आणि मी सुपारी चघळत ऐकून घ्यायचो. मग सगळ्या बुगनव्हिल बेटाला वेढा पडला. बोटी बंद झाल्या. साबण गेला, रॉकेल गेलं, तापाच्या गोळ्या गेल्या. पण रताळ्याला लावायला मीठ उरलं नाही तेव्हा माझी बहीण अगाथा म्हणाली, आता मात्र ही लढाई आपली झाली.

टेकडीवर आमची चार घरं. जमीन अगाथाची. आमच्यात जमीन बाईची असते, आईकडून लेकीकडे जाते. भावानं तिच्या वतीनं बोलायचं, कुंपण घालायचं आणि वेळ पडली तर भांडायचं. अगाथाला लेक एक, रेजिना, आणि मुलगा एक, तारसी. नवरा खाली नदीकाठच्या गावचा होता, तो कोकोच्या ट्रकवरून पडून मेला. मी लायनस, अगाथाचा थोरला भाऊ, पोरांचा मामा. माझं लग्न झालं पण टिकलं नाही, म्हणून बहिणीच्या अंगणात झोपडी बांधून राहिलो. माझ्याकडे दोन कामं होती, बोलणं आणि ढोल.

ढोल म्हणजे पोखरलेला ओंडका. माणूस आत झोपेल एवढा मोठा, वर एक चीर. जाड दांड्याच्या टोकानं चिरेच्या काठावर ठोकायचं. आवाज तीन डोंगर ओलांडून जातो. आमच्या कुळात मूल जन्मलं की मामानं त्याचा ठोका ठरवायचा. रेजिनाचा मी चार आखूड ठेवला. तारसीचा दोन लांब, तीन आखूड, शेवटी एक लांब. तो पाच-सहा वर्षांचा होता तेव्हापासून हा ठोका ऐकला की ओढ्यातून, झाडावरून, असेल तिथून पळत यायचा, कारण बहुतेक वेळा जेवण असायचं. खायला कधी मागे नव्हता. ओली सुपारी दातानं फोडताना पुढच्या एका दाताचा टवका उडाला होता, तरी दातानंच फोडायचा.

त्याचं खरं नाव तार्सिसियस. मिशनच्या फादरनी ठेवलेलं, पण ते कुणाच्या तोंडात बसलं नाही. सागूच्या पानांनी छप्पर शाकारायला त्याच्यासारखा माणूस नव्हता. कुंपणाचं काम मात्र उद्यावर ढकलायचा. त्याच्या जोडीला कायम कामिलस असायचा, त्याचा आतेभाऊ, नदीकाठच्या गावचा. तारसीचा बाप मेला तेव्हा दोघं मिळूनच धावत आले होते. आमच्याकडे मयताला रिकाम्या हातानं रडत यायचं नसतं. अंगाला पांढरी माती फासायची, कुऱ्हाड उगारायची, ओरडत हल्ला केल्यासारखं अंगणात घुसायचं आणि मेलेल्यानं लावलेली झाडं तोडायची. त्यानं लावलेलं त्याच्याबरोबर जाऊ दे. त्या दिवशी दोघांनी मिळून बापाची अकरा नारळाची झाडं आडवी केली, आणि कामिलसचा घसा आठ दिवस बसला होता.

मिठासाठी अगाथानं या दोघांनाच समुद्रावर पाठवलं. दोन दिवस उतरायचं, तिथे पत्र्याच्या अर्ध्या पिंपात समुद्राचं पाणी आटवायचं, मीठ बांबूच्या नळकांड्यांत भरायचं आणि परत चढायचं. त्यांनी चार नळकांडी भरली. पाचवं भरत असताना सरकारचे सैनिक आले, मुख्य बेटावरचे. मीठ डोंगरातल्या बंडखोरांना चाललंय म्हणाले. तारसीला त्यांनी गुडघाभर पाण्यात उभं केलं आणि एकेक नळकांडं त्याच्याच हातानं समुद्रात ओतायला लावलं. शेवटचं ओतताना त्याचा हात थांबला, तर मूठभर मीठ त्याच्या तोंडात कोंबलं. कामिलस अंगानं दणकट होता. त्याला सामान वाहायला ठेवून घेतलं आणि तारसीला रिकाम्या बांबूंसकट हाकलून दिलं.

तारसी घरी आला ते मीठ न आणता, आणि दहा दिवस उशिरानं. खांद्यावर बंदूक होती. पाण्याचा नळ कापून, खिळा आणि सायकलच्या ट्यूबचं रबर लावून केलेली. वाटेत बंडखोर पोरांनी त्याला आपल्यात घेतलं होतं.

अगाथानं ती बंदूक खालीवर पाहिली. "नळ आणलास," ती म्हणाली. "पाणी कुठंय?"

तो हसला नाही. ओठ आतून सोलवटले होते, पुढे कितीतरी दिवस त्याला गरम खाता येत नव्हतं.

कामिलस महिन्याभरानं परतला तो बूट घालून. सामान वाहता वाहता त्यांनी त्याला बंदूक दिली होती, खरी, कारखान्यात बनलेली. नदीकाठच्या गावानं ठरवलं, सैन्याच्या बाजूनं राहिलं तर औषधं येतील, शाळा उघडेल. तेही काही वेडे नव्हते. अशी दोन भावांची लढाई सुरू झाली. त्यांच्यात भांडण म्हणाल तर काडीचंही नव्हतं.

तारसीनं तीन वर्षं बंडखोरांत शिपाईगिरी केली. तिचं वर्णन करायचं तर केळीचे घड वाहणं. डोंगरातल्या तळावर शंभरेक पोरं होती आणि त्यांना रोज खायला लागायचं. तो रताळी खणायचा, झोपड्या शाकारायचा, नारळाचं तेल गाळायचा, कारण एका पोरानं जीप त्या तेलावर चालवून दाखवली होती. महिन्यातले दहा दिवस हिवतापानं पडून असायचा. पायाला ओल्या मातीची क्षतं पडलेली, ती पानं बांधून तशीच वागवायचा. दर दोन-तीन आठवड्यांनी गुपचूप घरी यायचा, आईच्या मळ्यात काम करायचा, पोटभर खायचा आणि जायचा. मी एकदा विचारलं, किती गोळ्या उडवल्यास. म्हणाला, नऊ. त्यातल्या दोन डुकराला. डुक्कर मिळालं का, तर नाही. घराच्या मागं त्याच वर्षी त्यानं चार सुपारीची रोपं लावली. मी म्हटलं, ही फळं धरेपर्यंत कोण जगतंय. तो म्हणाला, "मामा, तू जगशील की. तू हट्टी आहेस."

मग अगाथाला लागलं. तण काढताना कोयता निसटला आणि पायाच्या बोटांमागं बसला. जखम एवढीशी, पण डोंगरात औषध नाही. महिन्यात पाय घोट्यापर्यंत काळा पडला. त्याच सुमारास हुकूम निघाला की टेकड्यांवरच्या सगळ्यांनी रस्त्यालगतच्या छावणीत यायचं. जो वर राहील तो बंडखोर धरला जाईल. छावणीत सुई टोचणारा माणूस होता. म्हणून आम्ही अगाथाला बांबूच्या डोलीत घातलं आणि खाली आलो.

छावणी नदीकाठच्या गावाच्या जमिनीवर होती. ताडपत्रीखाली आम्ही सहाजण. भात रांगेत मिळायचा. स्वतःच्या मळ्यात जायचं तर चिठ्ठी लागायची आणि संध्याकाळी मोजून घ्यायचे. अगाथाला सुईचं काही वाटायचं नाही, भाताचंही नाही. दुसऱ्याच्या जमिनीवरची काटकी वेचताना विचारावं लागायचं, ते तिला खुपायचं. आयुष्यभर दुसऱ्यांनी येऊन तिला विचारलं होतं. कामिलस कधीमधी मासळीचा डबा आणून ठेवायचा. ती त्याची मामी. ती डबा घ्यायची आणि म्हणायची, "बूट काढून ये, मग बस." तो बूट काढायचा नाही आणि बसायचाही नाही.

एकदा चिठ्ठी काढून मी वर मळ्यात गेलो तर रताळ्यांच्या वाफ्यात तारसी बसलेला. हाडं दिसायला लागली होती. मी छावणीतला भात नेला होता तो त्यानं उभ्याउभ्या खाल्ला. मग विचारलं, आई कशी आहे. मी सांगितलं, पाय सडतोय. तो येतो म्हणाला. मी म्हटलं, मरायचं असेल तर ये.

"मग मला कळव," तो म्हणाला. "काही झालं तर."

"कसं कळवू? पत्र टाकू?"

"तुला माहीत आहे कसं."

जाताना त्यानं केळीच्या पानात बांधलेलं थोडं मीठ माझ्या हातात दिलं. आईला दे म्हणाला. ते मी तिला दिलं. तिनं जिभेवर चिमूटभर ठेवलं आणि डोळे मिटून घेतले.

अगाथा पावसाळी आठवड्यात गेली. जायच्या आधी एवढंच म्हणाली की मला परक्या मातीत घालू नका. रेजिना चार दिवसांची बाळंतीण होती, ती चढू शकत नव्हती. छावणीच्या साहेबानं बारा माणसांना परवानगी दिली आणि सोबत पाच बंदुका दिल्या. एक मुख्य बेटावरचा सार्जंट, चार आपल्याकडचे. त्यात कामिलस. सार्जंट तरुण होता, डोंगर चढताना घसरत होता, प्रत्येक झुडपाकडं बंदूक वळवत होता. त्याला आमची भाषा येत नव्हती आणि आम्हाला त्याची नको होती.

आम्ही अगाथाला तिच्या आईशेजारी पुरलं. माती ओली होती, काम लवकर झालं. मग मी ढोलघराकडं वळलो. छप्पर एका बाजूनं बसलं होतं, पण ढोल कोरडा होता. दांडा तिथंच आढ्यात खोचलेला.

कामिलस माझ्यामागं आला. त्यानं आवाज खाली आणला. "मामीचा वाजव, लायनसमामा. मी सार्जंटला सांगितलंय, ही प्रार्थना आहे म्हणून. पण तारसीचा वाजवू नको."

आमचा रिवाज असा की आई गेली की आधी तिचा ठोका, मग मरणाचा संथ ठोका, आणि मग तिच्या पोरांना एकेक करून हाक. मी कामिलसला म्हटलं, तुझे बूट मला रिवाज शिकवणार का.

"तो येईल," कामिलस म्हणाला. "तुला ठाऊक आहे तो कसा येईल. हा माणूस नवा आहे. माझ्या मागं उभा आहे."

मी ऐकायला हवं होतं. हे मी आज सांगतो, पण त्या वेळी माझ्या डोक्यात एकच होतं, की परक्याच्या जमिनीवर काटकीसाठी हात पसरून माझी बहीण मेली, आणि आता तिच्याच टेकडीवर, तिच्याच ढोलावर काय वाजवायचं हे मला नदीकाठचा पोरगा सांगणार. तारसीनं कळव म्हटलं होतं, तेही होतं. पण खरं बोलायचं तर तारसीपेक्षा माझा ताठा मोठा होता. मी दांडा उचलला. अगाथाचा ठोका वाजवला. मरणाचा वाजवला. रेजिनाचा चार आखूड वाजवला. मग दोन लांब, तीन आखूड, एक लांब. कामिलस तोवर बाहेर निघून गेला होता.

दुपार कलली तेव्हा आम्ही परतीच्या तयारीत होतो. केळीच्या बागेच्या अंगानं ओरडणं आलं. तारसी धावत येत होता. अंगभर पांढरी माती, डोक्यावर कुऱ्हाड, घसा फाडून ओरडत. नळाची बंदूक त्यानं आणलीच नव्हती. मयताच्या घरी बंदूक नेत नाहीत. बागेच्या कडेची पहिली केळ त्यानं एका घावात पाडली, दुसरी पाडली, आईचीच लावलेली. आमच्यातल्या बायांनी त्याला पाहून सूर धरला, जसा धरायचा असतो. सार्जंट मागं सरकला, अडखळला आणि काहीतरी ओरडला. तेच तो परत ओरडला.

कामिलसनं गोळी झाडली. एकच. तारसी तोडलेल्या केळींवर पडला. कुऱ्हाड त्याच्या पुढं जाऊन पडली.

मी जवळ गेलो तेव्हा तो जिवंत नव्हता. छातीवरची माती लाल होऊन ओघळत होती. पायांना बांधलेली पानं सुटली होती आणि क्षतं दिसत होती. कमरेच्या पिशवीत अर्धं खाल्लेलं रताळं होतं, म्हणजे ठोका ऐकला तेव्हा तो जेवत असणार. बाकी काही नव्हतं. तो सव्वीस वर्षांचा होता.

सार्जंटला छावणीत दाखवायला मेलेला बंडखोर हवा होता. त्यांनी तारसीचे हातपाय बांबूला बांधले आणि डुक्कर नेतात तसं नेलं. मी मागं गेलो. वळणावर सार्जंटनं बंदुकीचं तोंड माझ्या पोटाला लावून मला थांबवलं. कामिलस बांबूच्या पुढच्या टोकाला होता, त्यानं मागं पाहिलं नाही. छावणीत त्यांनी त्याला रस्त्यावर ठेवून मेलेल्या बंडखोरांत मोजलं. मग कुठं पुरलं, कुणी पुरलं, हे आम्हाला कुणी सांगितलं नाही आणि विचारायची सोयही नव्हती.

त्या संध्याकाळी रेजिना मूल छातीशी घेऊन बसली होती. तिनं मला विचारलं, "तो आला कसा? त्याला कळलं कसं?"

मी म्हणालो, कुणीतरी सांगितलं असेल.

एवढंच वाक्य. पण ते तोंडातून गेलं आणि मग त्याला परत आणता आलं नाही. सात वर्षं ते माझ्या पोटात राहिलं.

लढाई जशी आली तशीच गेली, नीट कळलं नाही. एक दिवस बिनबंदुकीचे शिपाई आले, परदेशी, तह पाळला जातो का ते बघायला, गिटार घेऊन. बाया त्यांच्याशी बोलल्या, मग पुरुष बोलले. आम्ही टेकडीवर परत आलो. रेजिनानं घर बांधलं, मळा केला. आता जमीन तिची होती आणि मी तिच्या शब्दावर तिथं राहत होतो. तारसीच्या चार सुपाऱ्या उंच झाल्या होत्या, फळं धरत होत्या. एखाद्याचा मरणाचा ठोका वाजल्याशिवाय त्याची झाडं तोडायची नसतात, आणि तारसीच्या मरणाचा ठोका मी वाजवला नव्हता. हाडं नाहीत तर ठोका कसला, असं मी सांगायचो. दुसऱ्यांच्या मयताला बोलावलं तर खांदा दुखतो म्हणायचो. रेजिना काही बोलायची नाही. त्या झाडांची सुपारी तिनं कधी खाल्ली नाही, कुणाला विकली नाही. पिकून गळायची आणि डुकरं खायची.

कामिलस नदीपलीकडं राहत होता. लग्न झालं, दोन मुली झाल्या. बाजारात मी दिसलो की तो माल तसाच टाकून दुसऱ्या बाजूला जायचा. मला ते बरंच वाटायचं. तो एकच माणूस होता ज्यानं मला ढोलघरात अडवलं होतं.

पुढे सगळीकडं मनं निववण्याच्या बैठका सुरू झाल्या. ज्यांनी मारलं आणि ज्यांचे मेले, त्यांनी समोरासमोर बसायचं, मधे खड्डा खणायचा. प्रत्येकानं आपण जे केलं ते सगळं बोलायचं, आडपडदा न ठेवता. मग खड्ड्यात दगड पुरायचा, डुक्कर कापायचं, आणि दोघांनी एकमेकांच्या हातची सुपारी-चुना खायचा. काही लपवलं आणि सुपारी खाल्ली तर ती अंगी लागत नाही, घरात मरणं होतात, असं आम्ही मानतो. रेजिनानं कामिलसला निरोप पाठवला. मला विचारलं नाही. सकाळी रताळी भाजता भाजता म्हणाली, "शनिवारी तो येतोय. हाडं कुठं आहेत ते त्याला ठाऊक आहे म्हणे. मला माझा भाऊ परत पाहिजे."

मला कामिलसची भीती नव्हती. तो बोलणार, आणि रेजिना माझ्याकडं बघणार, याची भीती होती. साठीकडं झुकलेल्या माणसाला त्या टेकडीवरून काढलं तर तो कुठं जाणार. पण त्याहून वाईट म्हणजे तिचं मूल, तारसीसारखंच खायला पुढं असणारं, मला आजा म्हणायचं.

शनिवारी कामिलस अनवाणी आला. सोबत त्याची आई, म्हणजे तारसीची आत्या, आणि एक मोठं डुक्कर बांबूला बांधलेलं. ते डुक्कर बघून मला तो दुसरा बांबू आठवला आणि मी नजर फिरवली. खड्डा खणून झाला. कामिलस खड्ड्याच्या पलीकडं मांडी घालून बसला. जाड झाला होता, केस पांढरे व्हायला लागले होते.

त्यानं सगळं सांगितलं. समुद्रावर मीठ ओतताना आपण बघत राहिलो ते सांगितलं. बूट घेतले ते सांगितलं. "मी त्याला ओळखलं," तो म्हणाला. "लांबूनच. तो कशासाठी धावतोय तेही मला माहीत होतं. मीही तसाच धावलो होतो त्याच्याबरोबर. सार्जंट ओरडला, मार म्हणून. मारलं नाही तर तो मला मारेल असं वाटलं. खरंच मारलं असतं का, ते मला आजही माहीत नाही. मी मारलं."

मग तो थांबला. त्यानं माझ्याकडं पाहिलंसुद्धा नाही. ढोलाचा शब्द त्यानं काढला नाही. खड्ड्याकडं बघत बसला, आणि मला समजलं की ती जागा त्यानं माझ्यासाठी सोडली आहे. तो सांगणार नव्हता. मी गप्प राहिलो असतो तर तोही गप्प राहिला असता, आणि आम्ही दोघांनी सुपारी खाल्ली असती.

दगड आणणारा उठलासुद्धा. मी म्हणालो, थांब.

बोलणं हे माझं आयुष्यभराचं काम, पण त्या दिवशी जीभ चालेना. मी म्हणालो, "त्याला कुणी सांगितलं नव्हतं. ठोका मी वाजवला. कामिलसनं मला अडवलं होतं. अगाथाचा वाजव, तारसीचा नको, असं म्हणाला होता. मी ऐकलं नाही. रेजिना, तू विचारलंस तेव्हा मी खोटं बोललो."

रेजिनानं मांडीला टेकलेलं पोर बाजूला केलं.

"हे तू कुणाला सांगतोस?" ती म्हणाली. "मी चार दिवसांच्या लेकराला पाजत बसले होते. आईचा ठोका आला. मग माझा आला. मग त्याचा. छावणीत लहानथोर सगळ्यांनी ऐकला. तुझा हात मला कळणार नाही? जन्मल्यापासून ऐकतेय."

"मग बोलली का नाहीस?"

"तू कधी बोलतोस ते बघत होते." तिचा आवाज चढला नाही. "सात वर्षं बघत होते, मामा. आज बोलला नसतास तर हाडं आणायला मी तुला नेणार नव्हते. आणि परत आल्यावर तुझी झोपडी इथं ठेवणार नव्हते. तसं कामिलसच्या आईला मी काल सांगून ठेवलं होतं."

मी रडलो, चारचौघांत. ओशाळं वाटलं आणि हलकंही वाटलं, दोन्ही एकदम. मग दगड पुरला, डुक्कर कापलं. कामिलसनं सुपारी माझ्या तळहातावर ठेवली. मी त्याला दिली. खाताना आम्ही एकमेकांकडं पाहिलं नाही, ते काही जमलं नाही. पण सुपारी खाल्ली.

दुसऱ्या दिवशी नदी ओलांडून गेलो. तारसी त्याच्या आत्याच्या मळ्याच्या कडेला होता. छावणीत मोजून झाल्यावर कामिलसनं त्याला खड्ड्यात टाकू दिलं नव्हतं. मी पुरतो म्हणाला आणि आईच्या मळ्यात आणून पुरला होता. सात वर्षं आत्या त्याच्या चहूबाजूंनी रताळी लावत होती, तेवढा तुकडा सोडून. मी कामिलसला विचारलं, सांगितलं का नाहीस. तो म्हणाला, कुठल्या तोंडानं सांगायचं होतं. कोयत्यानं आणि हातानं आम्ही माती काढली. हाडं तपकिरी झाली होती, मुळं आत शिरली होती. रेजिनानं कवटी उचलून अंगठ्यानं दात पुसले. पुढच्या एका दाताचा टवका उडालेला होता. ती म्हणाली, हाच. आम्ही हाडं नव्या चटईत बांधली. टेकडीपर्यंत ती रेजिनानं पाठीवर घेतली, कुणाला हात लावू दिला नाही.

त्याला अगाथाशेजारी पुरलं. कामिलस आणि त्याची माणसं रिवाजाप्रमाणं टेकडीखाली ओढ्याशी थांबली होती. ठोका झाल्याशिवाय वर यायचं नसतं. रेजिना ढोलघराच्या दारात येऊन उभी राहिली.

"वाजव," ती म्हणाली.

मी खांद्याचं नाव काढलं.

"खांद्याला काही झालेलं नाही. वाजव."

दांडा हातात घेतला. सात वर्षांत तो गुळगुळीतपणा विसरला होता, नाहीतर माझा हात विसरला असेल. दोन लांब. तीन आखूड. एक लांब. ओंडक्यातून आवाज निघाला आणि खालच्या दरीत गेला, आणि माझे कान आपोआप केळीच्या बागेकडं लागले. सवय जात नाही. मग मी मरणाचा ठोका धरला, संथ, आणि थांबलो नाही.

ओरडणं बागेच्याच अंगानं आलं. मी बाहेर पाहिलं. कामिलस धावत येत होता. अंगभर पांढरी माती, डोक्यावर कुऱ्हाड, तोंड वासलेलं. जाड झालेला माणूस, चढावर त्याला दम लागला होता, तरी ओरडत होता. बायांनी सूर धरला. तो माझ्यासमोरून गेला, घरामागं गेला आणि तारसीच्या पहिल्या सुपारीवर त्यानं घाव घातला. झाड उंच होतं, चार घाव लागले. ते पडलं. मग दुसरं. तिसऱ्याला कुऱ्हाड हातातून निसटली, तेव्हा रेजिनानं ती उचलून परत त्याच्या हातात दिली. मी ठोका चालू ठेवला.